आरोग्याचे हिशेबनीस

शालान्त परीक्षा जवळ आली कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: मुलाला पुढें कोणत्या शाखेस घालावयाचें? गणित चांगलें असेल तर इंजिनियर, जीवशास्त्राची आवड असेल तर डॉक्टर, अशी वांटणी आपल्या समाजांत जणूं ठरूनच गेली आहे. ज्याला ह्या दोहोंचीही गोडी आहे, किंवा रोग्यांची सेवा करण्याची इच्छा असूनही ज्याला कांहीं कारणानें वैद्यकीय महाविद्यालयाचें दार बंद झालें आहे, अशा विद्यार्थ्यास मात्र सहसा कोणी वाट दाखवीत नाहीं. गणित आणि मनुष्याचें आरोग्य हीं दोन्हीं ज्यांत एकत्र नांदतात अशा एका व्यवसायाची ओळख प्रस्तुत लेखांत करून देण्याचा विचार आहे. हा व्यवसाय म्हणजे जीवशास्त्र व सार्वजनिक आरोग्य ह्या क्षेत्रांत काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाचा होय.

हिशेबनीस हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. पेढीवर माल किती आला, किती गेला, नफा झाला कीं तोटा, हें तो वहीवरून सांगतो. आपला धंदा तेजींत आहे असें मालकाला कितीही वाटत असलें, तरी वही जर तोटा दाखवीत असेल तर वहीच खरी मानावी लागते. आरोग्याच्या क्षेत्रांतही अशा हिशेबनिसाची फार आवश्यकता असते. कारण औषधाच्या बाबतींत मनुष्याची इच्छाच त्याच्या डोळ्यांवर पडदा टाकते. औषध लागू पडावें असें देणाऱ्या वैद्यास वाटतें, घेणाऱ्या रोग्यासही तसेंच वाटतें. आणि मग तें लागू पडलें असें दोघांनाही दिसूं लागतें.

एक साधें उदाहरण घेऊं. समजा, एका गांवांत पडशाची साथ आली व एका गृहस्थानें दहा जणांस काढा दिला. आठ दिवसांत त्यांपैकीं नऊ जण बरे झाले. काढा रामबाण आहे असें गांवकरी म्हणूं लागले. संख्याशास्त्रज्ञ येथें तीन प्रश्न विचारील. पहिला प्रश्न असा कीं, ज्यांनीं काढा घेतला नाहीं अशांपैकीं आठ दिवसांत किती बरे झाले? पडसें बहुधा आपोआपच बरें होतें. तेव्हां काढा न घेणाऱ्या दहांपैकींही नऊ जर बरे झाले असतील, तर काढ्याचें श्रेय तें काय राहिलें? दुसरा प्रश्न असा कीं, काढा कोणास दिला? घेणारे सारे धट्टेकट्टे तरुण आणि न घेणारे सारे वृद्ध असतील, तर ती तुलना न्यायाची नव्हे. तिसरा प्रश्न असा कीं, दहा माणसें पुरेशीं आहेत काय? नाणें दहा वेळां उडविलें व सात वेळां छापा पडला, तर त्यांत नवल नाहीं. पण हजार वेळां उडवून सातशें वेळां छापा पडला, तर नाण्यांतच कांहीं खोट आहे असें समजावें. ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें काळजीपूर्वक मिळविणें हेंच ह्या शास्त्राचें मुख्य काम होय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाईंचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. रात्रीं हातांत दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका, एवढेंच त्यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें. परंतु क्रिमियाच्या युद्धावरून (१८५३ ते १८५६) परत आल्यावर त्यांनीं जें काम केलें तें आंकड्यांचें होतें. शत्रूच्या गोळीनें जितके सैनिक मेले त्याहून कितीतरी अधिक सैनिक अस्वच्छतेमुळें पसरलेल्या रोगांनीं मेले, हें त्यांनीं रंगीत आकृत्या काढून सरकारास दाखवून दिलें. १८५८ सालीं लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळानें त्यांना सभासद करून घेतलें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

ह्या व्यवसायाला आजचें स्वरूप ज्यांच्यामुळें आलें, त्यांत मात्र ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. आणि त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १८९७ सालीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील सर लेनर्ड हिल हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, आणि आपणही डॉक्टर व्हावें अशी ह्या मुलाची मनीषा होती. इतक्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें. तरुण हिल नौदलाच्या विमानदळांत दाखल झाले. १९१७ सालीं, पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूस नोकरीवर असतांना, त्यांना फुप्फुसाचा क्षय जडला व मायदेशीं परत पाठविण्यांत आलें. त्या काळीं क्षयावर औषध असें नव्हतेंच. विश्रांति, मोकळी हवा आणि नशीब, एवढाच काय तो उपाय. दोन वर्षें ते अंथरुणास खिळून होते. जीव वांचला, पण वैद्यकीय अभ्यासक्रमाची दगदग ह्या शरीराला झेपणार नाहीं हें उघड झालें. लहानपणापासून मनांत बाळगलेली वाट अशा रीतीनें कायमची बंद झाली.

अशा प्रसंगीं पुष्कळ जण खचून जातात. हिल ह्यांनीं अंथरुणांतूनच टपालाच्या द्वारें लंडन विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि १९२२ सालीं पदवी मिळविली. आरोग्याच्या प्रश्नांवरचें त्यांचें मन मात्र हाललें नव्हतें. वडिलांचे स्नेही मेजर ग्रीनवुड हे त्या वेळीं रोगांच्या आंकड्यांचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या विद्वानांपैकीं एक होते. त्यांच्या साहाय्यानें हिल ह्यांना खेड्यांतील तरुण माणसांच्या मृत्यूंची कारणें शोधण्याचें काम मिळालें. गणिताची उणीव भरून काढण्यासाठीं ते कार्ल पिअर्सन ह्यांच्या व्याख्यानांस जाऊन बसत. पुढें लंडनच्या आरोग्यशास्त्राच्या विद्यालयांत ते अध्यापक झाले. १९३७ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत त्यांनीं डॉक्टरांसाठीं एक लेखमाला लिहिली. गणिताचें अवडंबर न माजवितां आंकड्यांचा विचार कसा करावा, हें त्यांनीं त्यांत इतक्या सुबोध भाषेंत सांगितलें कीं, त्या लेखांचें झालेलें पुस्तक पुढें अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांनीं अभ्यासिलें. ज्याला डॉक्टर होतां आलें नाहीं तोच डॉक्टरांचा शिक्षक झाला.

आतां त्यांच्या कार्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग पाहूं. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिन ह्या औषधाचा शोध लागला. परीक्षानळींत तें क्षयाच्या जंतूंस मारीत होतें. पण मनुष्याच्या शरीरांत तें किती उपयोगी पडेल, हें निश्चित कोणास ठाऊक नव्हतें. क्षयावर ‘रामबाण’ म्हणून पूर्वीं कित्येक औषधें गाजलीं व विस्मृतींत गेलीं होतीं. महायुद्धानंतर इंग्लंडची सांपत्तिक स्थिति हलाखीची होती व हें औषध तेथें फार थोडें मिळूं शकलें. रोगी हजारों आणि औषध मूठभर. तेव्हां तें द्यावें कोणास?

हिल ह्यांनीं सुचविलेली युक्ति वरवर पाहतां अगदीं साधी होती. दोन्ही फुप्फुसांत वेगानें पसरणारा क्षय झालेले तरुण रोगी निवडावयाचे. त्यांपैकीं कांहींना विश्रांति व औषध द्यावयाचें आणि कांहींना, त्या काळीं रूढ असलेली, केवळ विश्रांतीची चिकित्सा द्यावयाची. मात्र कोणता रोगी कोणत्या गटांत जाईल हें डॉक्टरानें ठरवावयाचें नाहीं. तें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें केवळ दैवयोगानें ठरावें. त्यासाठीं यदृच्छेनें मांडलेल्या अंकांच्या कोष्टकावरून आधींच यादी करून प्रत्येक क्रमांकाचा लखोटा मोहोरबंद ठेवण्यांत आला. रोगी प्रयोगांत घेतला गेल्यावरच त्याच्या क्रमांकाचा लखोटा उघडावयाचा.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें: डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी त्याला दया असते. एखादा रोगी थोडा अधिक आशाजनक दिसला कीं ‘ह्याला तरी वांचवूं’ असें त्याच्या मनांत येतें. अशा रीतीनें बऱ्या होण्याजोग्या रोग्यांनाच औषध मिळालें, तर शेवटीं औषधाचा गुण किती आणि निवडीचा गुण किती, हें सांगतां येणार नाहीं. चिठ्ठीला मात्र दया नाहीं व द्वेषही नाहीं. तिच्यामुळें सशक्त व अशक्त, गरीब व श्रीमंत, धीराचे व भित्रे असे सर्व प्रकारचे रोगी दोन्ही गटांत साधारण सारखे वांटले जातात. ज्या गोष्टी आपणांस ठाऊकही नाहींत त्याही सारख्या वांटल्या जातात. शिवाय, क्ष-किरणांचीं छायाचित्रें तपासणाऱ्या तज्ज्ञांना कोणतें छायाचित्र कोणत्या गटांतील रोग्याचें हें कळूं दिलें नव्हतें.

कांहीं रोग्यांना औषध देणें व कांहींना न देणें हें निर्दयपणाचें नव्हे काय? हा प्रश्न हिल ह्यांच्याही पुढें होता. स्वतः क्षयाच्या दारांतून परत आलेल्या मनुष्याला त्याचें गांभीर्य दुसऱ्यानें सांगावयास नको होतें. मेंदूच्या आवरणाचा क्षय हा त्या काळीं हटकून प्राणघातक असे; अशा रोग्यांना चिठ्ठी न टाकतांच औषध देण्यांत आलें. बाकीच्या सर्वांना पुरेल इतकें औषध मुळीं देशांत नव्हतेंच. अशा स्थितींत जें थोडें आहे तें कसें तरी वांटून संपविण्यापेक्षां, त्यापासून पुढच्या लक्षावधि रोग्यांसाठीं निश्चित ज्ञान मिळविणें हेंच आपलें कर्तव्य आहे, असें त्यांचें मत होतें.

प्रयोगाचा निष्कर्ष १९४८ च्या आक्टोबरांत प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ मृत्यु पावले. केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४ मृत्यु पावले. औषध गुणकारी आहे हें सिद्ध झालें. पण हिशेबाची वही तेथेंच मिटविली नाहीं. पुष्कळ रोग्यांच्या शरीरांतील जंतु कांहीं आठवड्यांनीं ह्या औषधास दाद देईनासे होतात, असेंही त्याच तपासणींत आढळलें. आणि पुढील वर्षांत दोन गटांतील अंतर बरेंच कमी झालें. एकच औषध पुरेसें नाहीं, दोन किंवा अधिक औषधें एकत्र दिलीं पाहिजेत, हा आजच्या क्षयचिकित्सेचा पाया अशा हिशेबांतूनच घातला गेला.

ह्या पद्धतीचा आपल्या देशालाही मोठा लाभ झाला. क्षयाचे रोगी लाखों आणि आरोग्यधामांतील खाटा थोड्या, अशी भारताची स्थिति होती. १९५६ सालीं मद्रास येथें एक क्षयसंशोधन-केंद्र स्थापन झालें. तेथें गरीब वस्तींतील रोग्यांचे चिठ्ठीनें दोन गट पाडून, एका गटास आरोग्यधामांत व दुसऱ्यास स्वतःच्या घरीं ठेवून, वर्षभर तींच औषधें देण्यांत आलीं. घरच्या रोग्यांना अन्न कमी प्रतीचें, विश्रांति थोडी व जागा कोंदट. तरीही औषध नियमित घेतल्यास ते जवळजवळ आरोग्यधामांतील रोग्यांइतकेच बरे झाले, आणि घरांतील इतर माणसांना त्यांच्यापासून होणारा संसर्गही अधिक आढळला नाहीं. १९५९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर, क्षयाच्या रोग्यानें घरदार सोडून दूर गेलेंच पाहिजे ही समजूत जगभर ढळूं लागली. किती कुटुंबांचा वियोग ह्या एका हिशेबानें टळला असेल, ह्याची वाचकांनींच कल्पना करावी.

हिल ह्यांचें दुसरें प्रसिद्ध काम फुप्फुसाच्या कर्करोगाविषयीं आहे. इंग्लंड व वेल्समध्यें १९२२ सालीं ह्या रोगानें ६१२ मृत्यूंची नोंद झाली होती. १९४७ सालीं ती संख्या ९,२८७ झाली. कोणी मोटारींच्या धुरास दोष देई, कोणी डांबरी रस्त्यांस. येथें चिठ्ठ्या टाकणें शक्यच नव्हतें; कांहीं माणसांना विडी-सिगरेट ओढावयास लावून त्यांना रोग होतो कीं काय हें पाहणें म्हणजे घोर अधर्म झाला असता. म्हणून हिल व त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर रिचर्ड डॉल ह्यांनीं लंडनच्या वीस रुग्णालयांत चौकशी केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष व तितकेच इतर रोगांचे पुरुष घेऊन त्यांच्या संवयी विचारल्या. कर्करोगाच्या गटांत कधींच धूम्रपान न केलेले केवळ २ निघाले. दुसऱ्या गटांत २७ निघाले. हा निष्कर्ष १९५० सालचा. डॉल स्वतः धूम्रपान करीत असत. हे आंकडे पाहून त्यांनीं तें सोडून दिलें.

तथापि एका चौकशीवर विसंबून न राहतां, १९५१ सालीं ह्या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रें पाठवून त्यांच्या संवयींची नोंद घेतली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनीं उत्तरें धाडलीं. आणि मग त्यांपैकीं कोण केव्हां व कशानें मरतो ह्याची नोंद वर्षानुवर्षें चालू राहिली. हिल १९९१ सालीं वारले. परंतु डॉल ह्यांनीं पुढील सहकाऱ्यांसह हें काम चालूच ठेविलें. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ सालीं प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगरेट ओढणारा मनुष्य सरासरीनें दहा वर्षें लवकर मरतो. तिसाव्या वर्षाच्या सुमारास संवय सोडल्यास हीं दहा वर्षें बहुतेक वांचतात, आणि साठाव्या वर्षीं सोडली तरी सुमारें तीन वर्षें पदरांत पडतात, असें त्यांत दिसून आलें. ज्या घरांत हा लेख वाचला जाईल तेथील वडील मंडळींनीं ह्या शेवटच्या वाक्याचा अवश्य विचार करावा.

आपल्या महाराष्ट्रानेंही ह्या क्षेत्रांत मोठा मनुष्य दिला आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध ह्या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित घेऊन ते पदवीधर झाले व पुढें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत संख्याशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन परतले. शेतांतील पिकाचा अंदाज कसा करावा, हा त्यांचा पहिला मोठा विषय. शेतांतील लहानसा तुकडा कापून मोजला, तर कडेवरचीं रोपें मोजणाऱ्याच्या हातून नकळत आंत ओढलीं जातात व पीक फुगून दिसतें, हें त्यांनीं दाखविलें. असा चुकीचा आंकडा दुष्काळाच्या वर्षीं किती घातक ठरेल, हें सांगावयास नको. १९५१ सालीं ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेंत रोम येथें गेले आणि जवळजवळ वीस वर्षें तेथील संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनीं वाहिली. गरीब देशांतील लोकांना प्रथिनें पुरत नाहींत, तीं बाहेरून पुरविलीं पाहिजेत, असें त्या काळीं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. सुखात्मे ह्यांनीं आहाराच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, धान्य व डाळ ह्यांचा नेहमींचा आहार जो पोटभर घेतो त्याला प्रथिनें बहुधा पुरतात. खरी उणीव पोटभर अन्नाचीच आहे. त्यांच्या पुढील कांहीं मतांवर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. पण गरिबाच्या ताटांत काय आहे हें मोजल्यावांचून त्याच्यासाठीं योजना आंखूं नये, हा त्यांचा धडा आजही टिकून आहे. १९९७ सालीं ते पुणें येथें निवर्तले.

आतां ह्या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्यानें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. शाळेंत गणिताची कास सोडूं नये व महाविद्यालयांत प्रवेश होईपर्यंत तो विषय अवश्य ठेवावा. त्यापुढें संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. व एम्. एस्सी. करतां येतें. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनीं १९३१ सालीं कलकत्ता येथें स्थापिलेली भारतीय संख्याशास्त्र संस्था ही ह्या विद्येची आपल्या देशांतील अग्रगण्य संस्था होय. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत वैद्यकीय संख्याशास्त्र शिकविलें जातें. मुंबईंत देवनार येथील लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेंत जन्म, मृत्यु व कुटुंबाचें आरोग्य ह्यांचा अभ्यास होतो. शिक्षण पुरें झाल्यावर रुग्णालयें, संशोधनसंस्था, औषधांचे कारखाने व सरकारी आरोग्यखातें ह्यांत काम मिळतें. स्पर्धापरीक्षा देऊन भारतीय संख्याशास्त्र सेवेंतही शिरतां येतें.

दररोजचें काम मात्र कादंबरींतल्यासारखें रोमांचकारी नसतें. प्रयोगास किती रोगी लागतील हें आधीं ठरवावें लागतें. प्रश्नपत्रक असें करावें लागतें कीं खेड्यांतील माउलीलाही तें समजावें. वयाच्या रकान्यांत २५ च्या जागीं २५० पडलें असेल तर तें हुडकून काढावें लागतें. गुणाकार-भागाकार आतां संगणक क्षणांत करतो. पण जे रोगी तपासणीस पुन्हां आलेच नाहींत ते कोठें गेले, हें संगणक आपण होऊन विचारीत नाहीं. बरे झाले म्हणून आले नाहींत, कीं मृत्यु पावले म्हणून? त्यांना हिशेबांतून गाळलें तर निकामी औषधही उत्तम दिसूं लागतें. म्हणून ह्या धंद्यांत बुद्धीइतकीच सचोटी लागते. वरिष्ठांना, दात्यांना किंवा कारखानदारांना न रुचणारा आंकडाही जसाच्या तसा मांडण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं नाहीं, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये हेंच बरें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या व्यवसायांत रोग्याचा हात हातांत घेण्याचें समाधान लाभत नाहीं, आणि ‘तुम्हीं माझा मुलगा वांचविला’ असें म्हणत कोणी दाराशीं येत नाहीं. संख्याशास्त्रज्ञानें वांचविलेलीं माणसें त्याला ओळखीत नाहींत व तोही त्यांना ओळखीत नाहीं. तरी त्याच्या कोष्टकांतील प्रत्येक एकक म्हणजे कोणाचा तरी बाप, कोणाची तरी लेक असते, हें त्यानें विसरतां कामा नये. आणि पालकांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, मुलानें ठरविलेली एक वाट बंद झाली म्हणून त्याचा हेतूच संपला असें समजूं नका. गणिताच्या वहींतूनही मनुष्यसेवेकडे जाणारी एक सरळ व प्रशस्त वाट आहे, आणि तिजवर चालणारांची आपल्या देशास अजून फार गरज आहे.